शिडीखालची बाई कुणाकडे बघते

फॉर्म चार पानांचा होता आणि शिडीवाल्यांचं घोडं पहिल्याच पानावर अडलं. वरच्या कोपऱ्यात एक रिकामी चौकट होती. आत बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘छायाचित्रकाराचा स्वतःचा फोटो येथे चिकटवावा.’

अडतीस वर्षं त्यांनी गावातल्या लोकांचे फोटो काढले. शाळेच्या दाखल्यासाठी, नोकरीच्या अर्जासाठी, लग्न जुळवण्यासाठी, कोर्टकचेरीसाठी. ‘हनुवटी जरा खाली, इकडे बघा, डोळे मिटू नका’ हे झोपेतसुद्धा म्हणतील अशी परिस्थिती. पण घरात त्यांचा स्वतःचा एक फोटो सापडेल तर शपथ. ओळखपत्रावर होता तो तेवीस वर्षांपूर्वीचा, आणि त्यात डोक्यावर केस होते.

“तो लावलात तर लोक म्हणतील, हा मुलगा कोण, वडिलांना बोलवा,” लेक म्हणाली.

लेक चार दिवसांची रजा काढून आली होती. दुसऱ्या गावी एका दवाखान्यात ती एक्स-रे काढायची. ‘आम्ही माणसांचे बाहेरून फोटो काढले, ही आतून काढते,’ असं तिची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आई जाऊन आठ महिने झाले होते. त्यानंतर लेक महिन्यातून एकदा यायची, डबे घासून ठेवायची, औषधं मोजायची आणि बापाला कशात तरी गुंतवून जायची. या खेपेला गुंतवायला फॉर्म आयता मिळाला होता.

फॉर्म जिल्ह्यातल्या व्यावसायिक छायाचित्रकारांच्या संघटनेचा. दरवर्षी संघटना नगरभवनात तीन दिवसांचा मेळावा भरवते. प्रदर्शन, स्पर्धा, लाईट कसे लावायचे त्याचं शिबिर, अल्बम छापणाऱ्यांचे स्टॉल, एका कोपऱ्यात बंद पडलेले कॅमेरे उघडून बसलेला दुरुस्तीवाला. या वर्षी त्यात एक नवीन होतं. ‘एक छायाचित्रकार, एक भिंत.’ एका जुन्या सभासदाचे बारा फोटो, अख्खी भिंत त्याची. नंतर तीच भिंत मोठ्या शहरातल्या कलादालनात महिनाभर. जिल्ह्यातल्या कुणाला असं आजवर मिळालं नव्हतं, आणि समितीने एकमताने शिडीवाल्यांचं नाव घेतलं होतं.

नाव म्हणजे टोपणनाव. खरं नाव पाटीवरही पुसट झालं होतं. चोवीस वर्षांपूर्वी नगरपालिकेने कॅलेंडर छापलं, त्यावर त्यांच्या स्टुडिओचा एक फोटो घेतला. शाळेच्या भिंतीला रंग चाललाय. रंगारी शिडीच्या टोकावर, हातातला डबा कलंडलेला. खाली त्याची बायको. एक पाय शिडीच्या खालच्या पायरीवर दाबून धरलाय, शिडी हलू नये म्हणून, आणि दोन्ही हातांनी ती आपल्या मुलीचे केस विंचरतेय. पण तिचं लक्ष ना वर, ना मुलीकडे. ती डावीकडे कुठेतरी बघतेय, भुवया उंचावून, हसू येता येता थांबल्यासारखी.

कॅलेंडर घरोघरी गेलं आणि त्यांना लोक शिडीवाले म्हणू लागले. एका वर्तमानपत्राने लिहिलं की या बाईची नजर दूरच्या क्षितिजाला लागली आहे. तेव्हापासून जो भेटेल तो विचारायचा, ‘ती बाई कुणाकडे बघतेय हो?’ शिडीवाले वेळ बघून उत्तर द्यायचे. शाळेच्या कार्यक्रमात, ‘भविष्याकडे.’ न्हाव्याच्या दुकानात, ‘बसकडे. चुकली तिची.’

बारा फोटो संघटनेच्या सेक्रेटरीने स्वतः येऊन निवडले होते. हा सेक्रेटरी म्हणजे अल्बमच्या दुकानाचा मालक, शिडीवाल्यांचा तीस वर्षांचा दोस्त, तोंडाने फटाका. शुक्रवारी पाचच्या आत फॉर्म पाहिजे, असं तो दारातून, जिन्यावरून आणि खाली रस्त्यावरून, तीनदा सांगून गेला होता.

“फोटोचं नंतर बघू,” लेक म्हणाली. “तिसरं पान घ्या. इथे सही.”

तिसऱ्या पानावर एकच वाक्य होतं. ‘या भिंतीवरील सर्व छायाचित्रे मी स्वतः काढलेली आहेत.’ खाली रेघ. शिडीवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं. लेक तोवर बारा प्रिंट टेबलावर ओळीने मांडत होती. सातव्यापाशी तिचा हात थांबला.

“बाबा, हा तुम्ही कसा काढलात?”

फोटो जुन्या सरकारी दवाखान्यातला होता. बाळंतिणींच्या खोलीत तीन नर्स एका खाटेवर बसून पोट धरून हसतायत.

“कसा म्हणजे? कॅमेऱ्याने.”

“बाळंतिणींच्या खोलीत पुरुषांना पाय ठेवू देत नव्हते. माझ्या वेळी तुम्ही दोन दिवस बाहेरच्या बाकावर होतात, आई सांगायची.”

शिडीवाल्यांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“मग हा तिचा असेल,” ते म्हणाले.

“आणि बाकीचे?”

पेनाचं टोपण परत बसलं.

तीस वर्षं दोघांनी मिळून काम केलं होतं. मोठं काम असलं की दोन कॅमेरे, दोघं दोन बाजूंना. फोटो काढून झाले की रोल तिच्या ताब्यात. डार्करूम तिची. धुवायची ती, सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापून पाकिटात घालायची ती, पाकिटावर तारीख घालायची ती. गिऱ्हाईक, दुकान, उभं करणं, बसवणं, हसवणं हे शिडीवाल्यांचं. प्रिंटच्या मागे शिक्का स्टुडिओचा. कुठला कुणी काढला हे विचारायची पाळी कुणावर आलीच नव्हती. लग्नातले बायकांच्या बाजूचे तिचे, बाकीचे आपले, असं ते धरून चालले होते. आणि या बारांत लग्नाचा एकही नव्हता.

“ओळखायचं कसं पण?” लेक म्हणाली. “दोन्ही कॅमेरे सारखेच होते ना?”

इथे शिडीवाल्यांचा चेहरा उजळला. “खाच!” ते म्हणाले.

आतल्या खोलीतून ते दोन्ही कॅमेरे घेऊन आले. एकाचं मागचं झाकण उघडून त्यांनी आतली लहानशी चौकोनी खिडकी दाखवली. फिल्मवर फोटो पडतो तो या खिडकीतून. खिडकीच्या खालच्या कडेला, मधोमध, एक बारीक खाच होती.

“कानशीने मी पाडली ही. एका कॅमेऱ्यात उजेड शिरायचा, फोटो कोपऱ्यात जळायचे. पण कुठल्या, ते कळेना, रोल एकत्र धुतलेले. म्हणून एकाला खाच पाडली. त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक निगेटिव्हच्या कडेला मोहरीएवढा काळा दात येतो. दात असला की हा, नसला की तो.”

“आणि खाचेचा कुणाचा?”

“तिचा. जुना तिच्याकडे होता. नवा माझ्याकडे.”

हे ते इतक्या ठामपणे म्हणाले की लेकीने पुढे विचारलं नाही. डार्करूमचं दार आठ महिन्यांत पहिल्यांदा उघडलं. औषधांचा वास अजून होता. तिचा एप्रन खुंटीवर होता. शिडीवाल्यांनी त्याच्याकडे न बघता कपाटातून पाकिटांची खोकी काढली आणि बाहेरच्या टेबलावर आणली. दुधी काचेखाली ट्यूबलाईट लावलेली पेटी होती, तिच्यावर लेकीने पहिली पट्टी ठेवली. असल्या पेटीवर दिवसभर लोकांची हाडं बघायची तिला सवय होती. तिने भिंगही मागितलं नाही.

बाराही निगेटिव्ह सापडायला दुपार गेली. पाच दातवाल्या निघाल्या. सात बिनदाताच्या.

“म्हणजे पाच आईचे, सात तुमचे.”

“शिडी?”

“दात नाही.”

शिडीवाल्यांनी सोडलेला श्वास लेकीला ऐकू आला. त्यांना स्वतःलाही ऐकू आला आणि जरा लाजल्यासारखं झालं.

“मग झालं तर,” ते म्हणाले. “पाचांखाली तिचं नाव घालायला सांगू.”

“बाबा, नर्सच्या फोटोलाही दात नाही.”

“असं कसं?”

“बघा ना.”

त्यांनी बघितलं. पट्टी उलटी केली, सुलटी केली. कड काचेसारखी स्वच्छ होती. म्हणजे बाळंतिणींच्या खोलीत शिडीवाले जाऊन बसले होते आणि नर्स त्यांच्याकडे बघून पोट धरून हसत होत्या, आणि हे त्यांना आठवत नव्हतं.

“एखाद दिवशी माझा कॅमेरा घेऊन गेली असेल,” ते म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

लेकीने त्या रोलचं अख्खं पाकीट रिकामं केलं आणि पट्ट्या क्रमाने लावल्या. पहिली पट्टी तिने काचेवर सरकवली आणि खुर्चीत मागे टेकली.

“हे कोण?”

रोल घातल्यावर पहिले दोन फोटो फुकट घालवायचे असतात. फिल्मचं तोंड कॅमेऱ्यात अडकवताना त्याला उजेड लागलेला असतो, म्हणून बटण दोनदा दाबून ते पुढे सरकवायचं आणि मग काम सुरू करायचं. त्या दोन फोटोंत काय आलं याच्याकडे कुणीही बघत नाही. त्यांना नंबरही धड नसतो. शिडीवाले त्या वेळी कॅमेरा जमिनीकडे धरायचे. सगळेच धरतात.

या पट्टीवरचे पहिले दोन जमिनीचे नव्हते. पहिला अर्धा जळालेला होता. उरलेल्या अर्ध्यात दवाखान्याच्या बाकावर एक माणूस वाकून बुटाची नाडी बांधत होता. दुसऱ्यात तोच माणूस मान वर करून काहीतरी विचारत होता. निगेटिव्हमध्ये चेहरा काळा आणि केस पांढरे दिसत होते, पण बूट त्यांनी लगेच ओळखले. ते बूट त्यांना चावायचे.

“मी,” ते म्हणाले. “मी आहे.”

“म्हणजे रोल आईचा.”

“एका रोलवरून काय ठरतं?”

लेकीने दुसरं बिनदाताचं पाकीट घेतलं. पहिली पट्टी. अर्धा जळालेला शिडीवाला, तोंडात घास. तिसरं पाकीट. पाठमोरा शिडीवाला, टक्कल पडायला नुकतीच सुरुवात. चौथं. शिडीवाला स्टँड उघडायच्या खटपटीत, स्टँडचे पाय तीन दिशांना. पाचवं. शिडीवाला जांभई देताना. मग दातवाली पाकिटं. जमीन. जमीन. फरशी. जमीन. चिखल. एका ठिकाणी पालथी पडलेली चप्पल.

“दात तुमचा आहे, बाबा,” लेक हळूच म्हणाली.

शिडीवाल्यांनी खाचेचा कॅमेरा उचलून उलटासुलटा केला. मग एकदम म्हणाले, “दोन दिवसांसाठी!”

“काय?”

“खाच पाडल्यावर कळलं, उजेड खाचेच्याच कॅमेऱ्यात शिरतोय. मी तिला म्हटलं, हा उजेड खाणारा माझ्याकडे राहू दे, मला त्याची खोड माहीत आहे, तू नवा वापर. दोन दिवसांसाठी बदलले होते. ते बदललेलेच राहिले.” कपाळावर हात मारून घेत ते म्हणाले, “विसरलो. साफ विसरलो.”

म्हणजे सात तिचे. त्यांत नर्स होत्या, फुटबॉल खेळणाऱ्या म्हाताऱ्या होत्या, रिकाम्या वर्गात झोपलेला शिपाई होता. आणि शिडी होती. शिडीच्या रोलवर पहिल्या अर्ध्या जळक्या फोटोत शाळेचं फाटक आणि फाटकापाशी शिडीवाले, पुन्हा नाडी बांधताना.

“पण मी काढलाय तो!” ते उठून उभे राहिले. “मी तिथे होतो. ऊन पाठीवर होतं. मी बटण दाबलं. त्याचा आवाज आठवतो मला. मला काय वेड लागलंय?”

“तुम्ही तिथे होतातच. फाटकापाशी.”

“तसं नाही गं.”

ते येरझाऱ्या घालू लागले. चोवीस वर्षं लोकांनी ज्या नावाने हाक मारली, ते नाव दुसऱ्याच्या फोटोचं होतं. दुसऱ्याचं कसलं, घरातल्याच माणसाचं. पण तिला ठाऊक असणारच की. तिनेच तो रोल धुतला, तिनेच कॅलेंडरवाल्यांना प्रिंट काढून दिली. ‘वा, हा माझा बघ कसा आलाय,’ असं आपण म्हणालो तेव्हा ती समोर होती. काय म्हणाली होती ती? काहीच नाही. हसली होती. नंतरही कुणी रस्त्यात ‘ओ शिडीवाले’ अशी हाक मारली की ती हसायची. टोपणनावाला हसते असं त्यांना वाटायचं.

“आई बोलली का नाही?” लेकीने विचारलं.

“मला काय विचारतेस? मला कुठे काय माहीत आहे? मला माझाच कॅमेरा माहीत नाही.”

“आणि तुमचे फोटो का काढायची?”

“समोर असेन मी. कशावर तरी कॅमेरा धरायचा.”

“दर वेळी?”

“पाच-सहा फुटांवर काहीतरी धरून फोकस बघत असेल. मी पाच-सहा फुटांवर असायचो.”

“मी मोजले. या खोक्यांत एकतीस रोल, बाबा.”

“मग एकतीस वेळा फोकस बघितला असेल!” ते ओरडले. आणि मग खाली बसले. लेक सुचवत होती ते खरं की आपण म्हणतो ते, हे जिला विचारायचं ती नव्हती.

गुरुवारी सकाळी ते सेक्रेटरीच्या दुकानात गेले. तो काउंटरवर नावांच्या पट्ट्या कापत बसला होता. बारा पट्ट्या, बाराहीवर एकच नाव. शिडीवाल्यांनी सगळं सांगितलं. खाच, दात, जमीन, नाडी. सेक्रेटरी कात्री हातात धरून ऐकत राहिला.

“म्हणजे तू बुटाच्या नाडीवरून भिंत सोडणार?”

“भिंत सोडत नाही. सात फोटो माझे नाहीत.”

“स्टुडिओ तुझा, शिक्का तुझा, रोल तुझा, बायको तुझी. मग फोटो कुणाचा? शेजाऱ्याचा?”

“तिचा.”

“अरे, वहिनी आपल्याच होत्या. त्यांना कधी वाईट वाटलं असतं का?”

“ते मला माहीत नाही. तेच तर माहीत नाही.”

“वहिनी सभासद नव्हत्या,” सेक्रेटरी आवाज खाली आणून म्हणाला. “नियम आहे, फोटो सभासदानेच काढलेला पाहिजे. तुझे पाचच राहिले तर भिंत दुसऱ्याला जाईल. दुसरा कोण ते तुला माहीत आहे. तो ड्रोनवाला. बारा फोटो, बाराही वरून. लोकांची टाळकी बघायची का आपण तीन दिवस?”

“तिला सभासद का नाही केलं आपण?”

सेक्रेटरीने कात्री खाली ठेवली. तीस वर्षं मेळाव्याच्या खुर्च्या मोजायला, बिल्ले वाटायला, प्रिंट भिंतीवर सरळ लागलेत का ते बघायला वहिनी असायच्या. ‘जरा डावीकडे, अजून जरा,’ हा त्यांचा आवाज नगरभवनात सगळ्यांच्या ओळखीचा होता.

“कुणी विचारलंच नाही,” तो म्हणाला.

“मीही नाही विचारलं.”

सेक्रेटरीने कापलेल्या पट्ट्या गोळा केल्या. “उद्या पाचपर्यंत,” सेक्रेटरी म्हणाला. “सही कर आणि गप्प बस. मी काही ऐकलं नाही.”

शिडीवाले घरी आले आणि सरळ खोक्यांपाशी बसले. तो आवाज त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. बटण दाबल्याचा. सात तिचे हे त्यांना पटलं होतं, डोळ्यांनी बघितलं होतं. पण आपण बटण दाबलं हेही तितकंच खरं होतं, आणि दोन्ही खरं असेल तर आपल्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. बायको गेल्यावर माणसाचं असं होतं, हे त्यांनी ऐकलं होतं. लोक किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात. आपण बायकोचा फोटो स्वतःच्या नावावर ठेवला.

शिडीच्या पाकिटावर तिच्या अक्षरात तारीख होती. त्याच तारखेचं दुसरं पाकीट त्यांनी शोधायला घेतलं, दातवालं. लेक म्हणाली, “जेवून घ्या.” ते म्हणाले, “हो.” दोघंही जागचे हलले नाहीत.

शेवटी ते सापडलं भलत्याच खोक्यात, पासपोर्ट फोटोंमध्ये. पहिले दोन फोटो, शाळेच्या पटांगणाची माती. मग मुख्याध्यापक. मग नवीन नळ. मग शिक्षकांची रांग. चौथी पट्टी लेकीने काचेवर ठेवली आणि त्यांना जागा करून दिली.

शिडी होती. रंगारी टोकावर होता, हातातला डबा कलंडलेला होता. बाईचा पाय पायरीवर होता. विंचरणाऱ्या हातांत तोच कंगवा. कडेला काळा दात. फक्त जागा थोडी वेगळी, चार-पाच पावलं डावीकडून घेतलेली. आणि बाई सरळ कॅमेऱ्यात बघत होती. भुवया उंचावून, हसू येता येता थांबल्यासारखी. केस विंचरून घेणारी मुलगीही बघत होती. रंगारीसुद्धा वरून मान वाकडी करून बघत होता. तिघंही अशी बघत होती, जशी ओळखपत्राच्या फोटोत माणसं बघतात.

लेकीने दुसरी निगेटिव्ह, आईची, शेजारी ठेवली. डबा तेवढाच कलंडलेला. कंगवा केसांत तेवढाच खाली आलेला.

“एकाच वेळी,” ती म्हणाली. “दोघांनी एकाच वेळी बटण दाबलंय.”

शिडीवाल्यांना आता ते आठवलं. बाई मुलीकडे बघत होती. आपण हात वर केला आणि मोठ्याने म्हटलं, ‘बाई, इकडे बघा.’ आयुष्यभर म्हणायचो तेच. बाईने वळून बघितलं आणि आपण बटण दाबलं. बाजूला ती उभी होती, गळ्यात नवा कॅमेरा. ती काय करतेय ते आपण बघितलं नव्हतं. कधीच बघितलं नव्हतं.

“काढला होता मी,” ते म्हणाले. “वेड नाही लागलेलं.”

“नाही,” लेक म्हणाली. “पण तुमचा काही खास नाही हं, बाबा.”

“नाही. माझा पासपोर्टचा आहे.” आणि त्यांना हसू फुटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा, नाकातून, विचित्र आवाजात. लेक घाबरून बघायला लागली तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

त्या दुपारी त्यांनी डार्करूममध्ये दोन प्रिंट काढल्या. एप्रन खुंटीवरून काढून अंगात घातला, तो तोकडा झाला. शुक्रवारी सव्वाचारला ते नगरभवनात गेले. भिंतीवर बारा खिळे ठोकून झाले होते. सेक्रेटरी हातात माप घेऊन उभा होता.

शिडीवाल्यांनी त्याच्या हातात फॉर्म दिला. तिसऱ्या पानावरचं वाक्य त्यांनी एका रेघेने खोडलं होतं आणि खाली आपल्या वळणदार नसलेल्या अक्षरात लिहिलं होतं, ‘यातले पाच मी काढले आहेत. सात माझ्या बायकोने काढले आहेत. तेरावा माझा आहे, तो शिडीशेजारी लावावा. कोणता कुणाचा ते निगेटिव्हवरून दाखवून देईन.’ खाली सही. पहिल्या पानावरच्या चौकटीत अर्धा जळालेला फोटो होता. एक माणूस वाकून बुटाची नाडी बांधतोय.

सेक्रेटरीने तो फोटो खूप वेळ बघितला.

“यात तुझं तोंडच दिसत नाही.”

“माझ्याकडे एकतीस आहेत. तोंड दिसतं त्यात जांभई आहे.”

“समिती फाडून खाईल मला.”

“मग ड्रोनवाल्याला बोलव.”

सेक्रेटरी भिंतीकडे वळला. बारा खिळ्यांकडे बघितलं, मग हातातल्या तेराव्या प्रिंटकडे. “हा काय फोटो झाला? सगळी सरळ बघतायत.”

“माझा आहे.”

“दिसतंच आहे,” सेक्रेटरी म्हणाला, आणि खिशातून एक खिळा काढला. “समितीला मी सांगतो. तीस वर्षं वहिनींनी आमचे फोटो सरळ केले, आता आमची वेळ आहे म्हणावं. नाही ऐकलं तर मंगळवारी काढून टाकतील. तोवर तीन दिवस मेळावा झालेला असेल.” मग जरा थांबून म्हणाला, “पण शिडी तुझी नाही तर तुला आता हाक काय मारायची?”

“काहीही मार.”

शनिवारी दरवाजे उघडले तेव्हा पुढची सगळी गर्दी त्या भिंतीपाशी होती. पाच पट्ट्यांवर त्यांचं नाव होतं, सातांवर तिचं, आणि तेराव्या प्रिंटखाली घाईत हाताने लिहिलेली पट्टी जरा वाकडी लागली होती. शिडीवाले भिंतीपासून चार-पाच पावलं डावीकडे उभे होते. आपण तिथे का उभे आहोत हे त्यांना नीटसं सांगता आलं नसतं. तिने एकतीस वेळा आपल्याकडे कॅमेरा का धरला, हेही त्यांना अजून कळलेलं नव्हतं, आणि कळणार नाही हे मात्र आता कळलं होतं.

शेजारच्या गावचा एक तरुण फोटोग्राफर, गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेला, बराच वेळ दोन्ही शिड्यांसमोर उभा होता. मग तो त्यांच्याकडे आला.

“काका, लहानपणी आमच्या घरी ते कॅलेंडर होतं. तेव्हापासून विचारायचं होतं. काकूंनी काढलेल्या या फोटोत ती बाई कुणाकडे बघतेय?”

शिडीवाल्यांनी खिशात हात घातला, काढला. भविष्य आणि बस, दोन्ही जिभेवर आले होते.

“माझ्याकडे,” ते म्हणाले. “मी हाक मारली होती.”